डॉलरची नवी हुंडणावळ

हुंडणावळ हा शब्द सांप्रत बहुधा अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतच भेटतो. परंतु ज्या काळी काशीयात्रेला निघालेला पुण्याचा गृहस्थ आपली रोकड सावकाराच्या पेढीवर भरून, चोराचिलटांच्या भयाने ती वाटेत न बाळगता, काशीच्या पेढीवरची हुंडी तेवढी कनवटीला लावून मार्गस्थ होत असे, त्या काळी हा शब्द बाजारात रोज कानांवर पडे. या गावी घेतलेली रक्कम त्या गावी देण्याबद्दल सावकार जो बट्टा कापून घेई, ती हुंडणावळ. ती गावागणिक बदले, हंगामागणिक चढे-उतरे. पण शहाणा गृहस्थ ‘हुंडणावळ किती’ एवढेच विचारून थांबत नसे. हुंडी कोणाच्या पेढीवरची आहे, ती पेढी तिथे अद्याप नांदती आहे ना, आणि कागद पाहून पैसे मोजून देणारा मुनीम तिथे भेटेल ना, याचीही तो खातरजमा करून घेई. सुरतेवरची हुंडी काशीत दाखवून कोणाचेच भले होत नव्हते.

गेल्या हिवाळ्यात टोरोंटोला भाच्याकडे मुक्कामाला असताना हा जुनाच प्रश्न मला अगदी नव्या वेषात भेटला. भाचा लहान मुलांसाठी चित्रमय खेळ तयार करण्याचा छोटासा व्यवसाय करतो, आणि त्याची चित्रे काढणारी बाई राहते ब्युनोस आयर्सला. दरमहा तिला २०० डॉलर पोचते करायचे असतात. बँकेमार्फत धाडावेत तर मधल्या बँका आपापला हिस्सा कापून घेतात आणि दोनतीन दिवस मोडतात. शिवाय २०२३ साली जिथली वार्षिक महागाई २०० टक्क्यांच्याही पलीकडे गेली होती त्या देशात, डॉलर म्हणून निघालेली रक्कम पेसो होऊन हाती पडावी हे त्या बाईला मुळीच मानवत नाही. म्हणून उभयतांनी स्टेबलकॉइनचा मार्ग पत्करला होता. एका संध्याकाळी भाच्याने, अशा नाण्यांची खरेदीविक्री जिथे होते त्या, एक्स्चेंजचे पान उघडले, रकमेच्या रकान्यात २०० हा आकडा भरला, आणि पुढच्या ‘नेटवर्क’ या रकान्यावर बोट ठेवताच खाली एक लांबलचक यादी उलगडली : एथेरियम, ट्रॉन, सोलाना, पॉलिगॉन, बीएनबी, आर्बिट्रम आणि अशीच आणखी चारपाच नावे. एथेरियमसमोर चार डॉलरचा आकार, ट्रॉनसमोर दीड डॉलर, पॉलिगॉनसमोर अवघे दहा सेंट.

“मामा, बघा,” भाचा म्हणाला, “डॉलर तेच, घेणारं माणूस तेच, मग भाड्यात एवढा फरक का?”

प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही, कारण त्यातले पहिलेच गृहीत चुकीचे आहे. डॉलर तेच नव्हेत. स्टेबलकॉइन म्हणजे डॉलर नव्हे, तर डॉलर देण्याची हमी असलेली चिठ्ठी. एखादी कंपनी लोकांकडून खरे डॉलर घेते, ते बहुतांशी अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत गुंतवते, आणि जमा झालेल्या प्रत्येक डॉलरमागे एक चिठ्ठी लिहून देते. २०१४ साली निघालेले टेदर आणि २०१८ साली सर्कल व कॉइनबेस या दोन कंपन्यांनी मिळून काढलेले यूएसडीसी ही यांतली दोन मोठी नावे. आता यातली मौज अशी की, चिठ्ठी कंपनीची असली तरी ती जिच्यात नोंदली जाते ती रोजकीर्द कंपनीची नसते. ब्लॉकचेन म्हणजे हजारो संगणकांनी एकमेकांवर नजर ठेवून लिहिलेली सार्वजनिक रोजकीर्द; आणि अशा कीर्दी जगात अनेक आहेत, प्रत्येकीचे कारकून निराळे, लिहिणावळ निराळी, आणि एकीत काय लिहिले आहे याचा दुसरीला गंधही नाही. टेदर कंपनीने आपल्या चिठ्ठ्या आरंभी बिटकॉइनच्या कीर्दीवर ऑम्नी नावाचा थर चढवून लिहिल्या, पुढे एथेरियमवर, मग एप्रिल २०१९ पासून ट्रॉनवर, आणि नंतर आणखी कित्येक ठिकाणी. देणेदार एकच, पण दफ्तरे अनेक. नेटवर्क निवडायचे म्हणजे आपली चिठ्ठी कोणत्या दफ्तरात नोंदवायची ते ठरवायचे, एवढाच त्याचा अर्थ.

एथेरियमच्या दफ्तरात लिहिणावळ कशी ठरते, ते जरा निवांतपणे पाहण्यासारखे आहे, कारण पुढचा सारा इतिहास तिच्याच महागाईतून निघालेला आहे. तिथे प्रत्येक कामाला लागणारी मेहनत ‘गॅस’ या एककात मोजतात. एथेरियमचे स्वतःचे नाणे म्हणजे ईथर; ते नुसते एकाकडून दुसऱ्याकडे पाठवायला २१,००० एकके लागतात. स्टेबलकॉइन पाठवताना मात्र एका छोट्या आज्ञावलीला जागे करून दोन खात्यांचे आकडे बदलावे लागतात, म्हणून ढोबळमानाने ६०,००० एकके. मेहनत ठरलेली, पण मेहनतीचा दर ठरलेला नाही; तो गर्दीप्रमाणे घटकेघटकेला बदलतो, आणि ईथरचा अब्जांश भाग जो ‘ग्वे’ त्यात सांगितला जातो. समजा, ईथरचा भाव ३,००० डॉलर आहे. शांत दिवशी दर १ ग्वे असेल तर हिशेब १८ सेंटचा. गर्दीच्या दिवशी तोच दर १०० ग्वेवर गेला तर त्याच कामाचे १८ डॉलर. पाठवणाऱ्याचा यात काडीचा दोष नसतो. १ मे २०२२ रोजी एका कंपनीने काल्पनिक जगातल्या जमिनीचे तुकडे विकायला काढले, तेव्हा ते घेण्यासाठी झालेल्या झुंबडीत लोकांनी निव्वळ गॅसपोटी कित्येक कोटी डॉलर जाळले. त्याच वेळी कोणी गरजू माणूस घरी पन्नास डॉलर पाठवायला बसला असेल, तर रकमेहून भाडे मोठे, असा प्रसंग त्याच्यावर आला असणार. आषाढीच्या दिवशी पंढरपूरच्या टांग्याचे जे होत असे, त्यातलाच हा प्रकार.

मात्र इथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हे भाडे रकमेच्या प्रमाणात नसते. २०० डॉलर पाठवा की दोन लाख, लिहायची ओळ एकच. आपल्या टपालखात्याच्या मनिऑर्डरीला अलीकडे वीस रुपयांमागे एक रुपया, म्हणजे शेकडा पाच, असे कमिशन पडत असे. गिरणगावातून कोकणातल्या घरी जाणाऱ्या लहान रकमेला आणि मोठ्या रकमेला तेच प्रमाण. एथेरियमचा न्याय उलटा आहे. भाच्याच्या यादीतले चार डॉलर २०० वर शेकडा दोन पडतात आणि २०,००० वर हजारी पावही पडत नाहीत. म्हणून मोठ्या पेढ्या, ज्यांना शेदोनशेची फिकीर नाही आणि जुन्या, बहुजनांच्या पहाऱ्यातल्या कीर्दीचा भरवसा मोलाचा वाटतो, त्या आजही एथेरियम सोडत नाहीत. स्वस्त नेटवर्कची गरज मुळात आहे ती लहान रकमांच्या माणसाला.

त्या माणसाला ट्रॉनने आपलेसे केले. जस्टिन सन यांनी स्थापन केलेले हे नेटवर्क २०१८ मध्ये स्वतंत्रपणे चालू झाले. त्याची कीर्द सत्तावीस निवडून आलेले प्रतिनिधी लिहितात, दर तीन सेकंदांनी नवे पान उलटते, आणि आरंभीच्या काळात टेदर पाठवायला तिथे जवळजवळ काहीच पडत नसे. एथेरियमवर गॅस भडकला त्या २०२०-२१ च्या सुमारास एक्स्चेंजांनी ग्राहकांना हाच रस्ता दाखवला, आणि पाहता पाहता ट्रॉनवरील टेदरचा साठा एथेरियमवरील साठ्याच्या बरोबरीला आला, कधी त्याच्या पुढेही गेला. आर्जेंटिना, तुर्कस्तान, नायजेरिया अशा, चलन ढासळलेल्या देशांत ‘टेदर’ म्हटले की ट्रॉनवरचाच टेदर, असे समीकरण होऊन बसले. परंतु सवय लागली की भाडे चढते, हा बाजाराचा नियम ब्लॉकचेनवाल्यांनाही चुकलेला नाही. ट्रॉनवर गॅसऐवजी ‘एनर्जी’ मोजतात. टेदरच्या एका व्यवहाराला सुमारे ६५,००० एकके लागतात. आणि घेणाऱ्याच्या खात्यात टेदरचा दाणाही नसेल तर त्याच्या नावाचे नवे पान उघडावे लागते म्हणून ती जवळपास दुप्पट होतात. एनर्जी हवी तर ट्रॉनचे स्वतःचे नाणे, टीआरएक्स, अडकवून ठेवावे. नसेल तर तेच नाणे जाळावे. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रतिनिधींनी मतदानाने एनर्जीचा दर २१० वरून १०० ‘सन’वर आणला (दहा लाख सन म्हणजे एक टीआरएक्स), तरीही आठवड्याला एखादाच व्यवहार करणाऱ्याला साडेसहा टीआरएक्स जाळावे लागतात, आणि घेणारा नवखा असेल तर तेरा. टीआरएक्सचा भाव ३० सेंट धरला तर हे दोन आणि चार डॉलरच्या घरात जाते. ज्याला अजूनही लोक ‘सर्वांत स्वस्त’ म्हणतात त्या नेटवर्कचा हा आकार आहे! मोठ्या एक्स्चेंजांनी टीआरएक्सचे ढीग अडकवून ठेवलेले असल्यामुळे त्यांना खर्च कमी येतो, म्हणून यादीत दीड डॉलर दिसतो. स्वतःच्या वॉलेटमधून, म्हणजे एक्स्चेंजबाहेरच्या आपल्या डिजिटल पाकिटातून, पाठवणाऱ्याला तो दिसत नाही.

स्वतःच्या वॉलेटवरून आठवले. एका संध्याकाळी भाच्याच्या वॉलेटमध्ये ट्रॉनवरचे दीडशे डॉलर पडलेले असूनही ते त्याला हलवता येईनात, कारण भाडे टेदरमध्ये चालत नाही, टीआरएक्समध्येच द्यावे लागते, आणि टीआरएक्स त्याच्याकडे नव्हते. खिशात हजाराची नोट आणि नाक्यावरच्या जकातदाराला हवा आणा, अशी ती अवस्था होती. मग पाच डॉलरचे टीआरएक्स दुसरीकडून विकत घेऊन आणले तेव्हा गाडी हलली. प्रत्येक नेटवर्कच्या जकातीचे नाणे वेगळे असते, आणि ते थोडेसे जवळ बाळगावे लागते, हा खर्च कोणत्याही यादीत छापलेला नसतो.

ट्रॉन महागले तसे इतरांनी आपले दरवाजे उघडले. सोलानावर एका सहीचे मूळ शुल्क ५,००० लॅम्पोर्ट. हे नाव संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांच्यावरून पडले, आणि अशी शंभर कोटी नाणी मिळून एक सोल होते. हिशेब करू गेल्यास हे शुल्क सेंटच्या अंशातच राहते. गर्दी असली तर वर थोडी ‘घाईची’ रक्कम द्यावी लागते. घेणाऱ्याने त्या जातीचे नाणे पूर्वी कधीच ठेवलेले नसेल तर त्याच्यासाठी पान उघडण्यापोटी सुमारे ०.००२ सोल अनामत अडकते, ती पान बंद केल्यावर परत मिळते. पण हीच सोलाना सप्टेंबर २०२१ मध्ये सतरा तास आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुमारे पाच तास पूर्ण बंद पडली होती. स्वस्त टांग्याचा घोडा मध्येच बसतो तेव्हा भाडे कमी होते एवढ्यावर समाधान मानून वाटेत उभे राहावे लागते. पगाराचे पैसे असतील तर पाच तास सोसवतात. उतरत्या भावात कर्जापोटी ठेवलेले तारण वाचवायचे असेल तर नाही.

एथेरियमच्याच आश्रयाला राहून स्वस्त झालेली घराणी निराळी. आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये खुले झालेले कॉइनबेसचे बेस, ही नेटवर्के शेकडो व्यवहार आपल्या वहीत लिहून त्यांचा सारांश तेवढा एथेरियमच्या मुख्य कीर्दीत नोंदवतात. १३ मार्च २०२४ रोजी एथेरियमने या सारांशांसाठी वेगळा, स्वस्त कप्पा करून दिला, तेव्हापासून त्यांचे भाडे काही सेंटांवर आले. यांतून मूळ एथेरियमकडे, एका कीर्दीतली नाणी दुसरीत नेणाऱ्या अधिकृत ‘पुला’वरून, परतायचे असेल तर सात दिवस खोळंबावे लागते, हे मात्र पुष्कळांना परतताना कळते. पॉलिगॉनची कथा आपल्या अधिक जवळची. २०१७ साली ‘मॅटिक’ या नावाने जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी ते भारतातच सुरू केले, आणि नव्या आज्ञावल्या जिथे खोट्या नाण्यांनी तपासून पाहायच्या त्या त्याच्या चाचणी-नेटवर्कचे नाव २०२४ पर्यंत ‘मुंबई’ असे होते. जगभरचे तरुण प्रोग्रामर कित्येक वर्षे ‘मुंबई’वर निर्धास्तपणे चुका करत होते, याची मला उगाच गंमत वाटते.

आता नावाच्या घोटाळ्याकडे वळू, कारण खरे नुकसान भाड्याने होत नाही, इथे होते. बीएनबी चेनवर जो ‘यूएसडीटी’, म्हणजे टेदर, चालतो तो टेदर कंपनीने तिथे लिहिलेला नाही; बायनान्स या एक्स्चेंजने मूळ टेदर आपल्याकडे अडकवून त्याच्या बदल्यात काढलेली ती दुय्यम चिठ्ठी आहे, आणि तिच्या दशांश स्थळांची संख्यासुद्धा मूळ नाण्याच्या सहाऐवजी अठरा आहे. पॉलिगॉनवर कित्येक वर्षे पुलावरून आणलेले यूएसडीसीच चालत होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्कलने तिथे स्वतःचे यूएसडीसी लिहायला सुरुवात केली, तेव्हा जुन्याच्या नावापुढे एक ‘ई’ लागला, आणि आजही एखाद्या दुकानात एक चालते तर दुसरे नाही. उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्कलने ट्रॉनवर नव्या चिठ्ठ्या लिहिणेच थांबवले. म्हणजे ट्रॉनवरील टेदर म्हणजे भर बाजारातली पेढी, आणि तिथले यूएसडीसी म्हणजे कुलूप लावून निघालेली. टेदरनेही आपल्या जन्माच्या ऑम्नी थरावर नवी चिठ्ठी देणे २०२३ मध्ये बंद केले. काशीची पेढी अद्याप नांदती आहे ना, हा प्रश्न तो हाच.

भाच्याला याचा चटका आधीच बसला होता. एथेरियम, पॉलिगॉन, बेस, आर्बिट्रम, बीएनबी या सर्वांवर पत्ता ‘०एक्स’ने सुरू होतो आणि तोच पत्ता या सर्वांवर वैध दिसतो, ट्रॉनचा पत्ता तेवढा ‘टी’ने आरंभ होणारा, त्यामुळे तिथे यंत्र चूक पकडते. एकदा त्याने एका एक्स्चेंजच्या पत्त्यावर पन्नास डॉलर पाठवले, पण ते एक्स्चेंज ज्या नेटवर्ककडे डोळे लावून बसले होते त्यावर नव्हे, दुसऱ्याच स्वस्त नेटवर्कवर. पैसे पोचले, सार्वजनिक कीर्दीत दिसतही होते, फक्त घेणाऱ्याच्या दफ्तरात त्यांची दखल नव्हती. तीन आठवडे पत्रव्यवहार झाला आणि वीस डॉलर शोधणावळ कापून उरलेले परत आले. जुन्या व्यवहारात हुंडी गहाळ झाली तर तिची नक्कल, म्हणजे पैठ, मिळे, पैठही हरवली तर परपैठ मिळे. इथे पैठ देणारा सावकारच नाही, समोरच्या एक्स्चेंजच्या मर्जीवर सारे. मात्र ‘इथे कोणाचाच ताबा नाही’ असे जे उत्साही लोक सांगतात तेही खरे नव्हे. टेदर आणि सर्कल या दोन्ही कंपन्या एखाद्या पत्त्यावरची आपली चिठ्ठी गोठवू शकतात आणि गोठवतातही.

आपल्याकडच्या वाचकाला साहजिकच वाटेल की, परदेशातून घरी पैसे धाडायला हाच मार्ग बरा. जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये भारतात परदेशस्थांकडून सुमारे १२९ अब्ज डॉलर आले, आणि रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत २०२३-२४ सालचा सर्वांत मोठा, सुमारे २०.५ टक्क्यांचा, वाटा महाराष्ट्राचा होता. २०० डॉलर धाडण्याचा जगाचा सरासरी खर्च अजून शेकडा सहाच्या वर आहे आणि तो २०३० पर्यंत तीनच्या आत आणावा असे संयुक्त राष्ट्रांचे उद्दिष्ट आहे, हेही खरे. पण भारतात या चिठ्ठीचे रुपये करताना, २०२२ पासून, ठरावीक मर्यादेपलीकडे विक्रीच्या रकमेतून शेकडा एक कर उगमापाशीच कापला जातो, नफा झाला तर त्यावर तीस टक्के वेगळे, आणि एक्स्चेंजचे कमिशन त्याहून वेगळे. दहा सेंट वाचवण्यासाठी नेटवर्कांची तुलना करीत रात्र जागवणाऱ्याने आधी हा एक टक्का पाहावा. २०० डॉलरवर तो दोन डॉलरचा होतो. पुढे विवरणपत्रात त्याचे समायोजन होते हे मान्य, परंतु तोवर पैसे सरकारच्या तिजोरीत असतात.

तर त्या संध्याकाळी भाचा पॉलिगॉनवर बोट ठेवून बसला होता, आणि मी त्याला म्हटले, “आधी तिला विचार.” विचारले तेव्हा उलगडा झाला. तिच्या गल्लीतला सराफ, जो टेदर घेऊन हातावर नोटा ठेवतो, तो फक्त ट्रॉनवरचेच घेतो आणि शेकडा एक बट्टा कापतो. पॉलिगॉनवरचे घेतले तर तिला ते आधी कुठल्याशा एक्स्चेंजवर चढवून, ट्रॉनवर उतरवून, मग सराफाकडे न्यावे लागणार. तिथे दीड डॉलर जाणारच आणि वर तासाभराची खटपट. म्हणजे भाच्याचे एक डॉलर चाळीस सेंट वाचणार आणि बाईचे दीड डॉलर जाणार. खरी हुंडणावळ ट्रॉनवाटे साडेतीन डॉलरच्या आसपास होती, शेकडा पावणेदोन, आणि तीत मोठा हिस्सा ब्लॉकचेनचा नसून सराफाचा होता.

मागच्या फजितीमुळे भाच्याने आधी पाच डॉलर धाडून पाहिले. पाचावर दीड डॉलर भाडे, म्हणजे शेकडा तीस. मोगलाईतही अशी जकात नव्हती, असे म्हणून आम्ही हसलो. पत्त्याची पहिली चार आणि शेवटची सहा अक्षरे त्याने मोठ्याने वाचली, मी तिच्या निरोपातून ताडून पाहिली. मिनिटभरात ते पोचले. मग उरलेले १९५. चहाचा पेला खाली ठेवेपर्यंत तिचे उत्तर आले : दोन्ही रकमा खात्यात दिसतात, आभार, सराफ मात्र उद्या सकाळी दहाला दुकान उघडील.